हायड्रोजनचं विमान आणि नव्वद वर्षांपूर्वीचा रेडिएटर

आजच्या भागात आपण विमानांच्या इतिहासातला एक असा प्रश्न बघणार आहोत, जो सिनेमात दिसत नाही आणि शाळेच्या पुस्तकातही सापडत नाही. प्रश्न साधा आहे. इंजिनात तयार झालेली उष्णता शेवटी जाते कुठे?

हा प्रश्न मला पडतो, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. मी थर्मल इंजिनिअर आहे. तापणाऱ्या वस्तूतली उष्णता बाहेर कशी काढायची, याचे हिशेब मी करते. सध्या ती वस्तू म्हणजे हायड्रोजनवर वीज तयार करून उडणारं विमान. धूर नाही, कार्बन डायऑक्साइड नाही, मागे फक्त पाण्याची वाफ. ऐकायला एकदम भारी. पण माझ्या दिवसातला बराच वेळ एकाच भांडणात जातो. मी म्हणते रेडिएटर मोठा हवा, आणि हवेचा अडथळा मोजणारे सहकारी म्हणतात, एवढा मोठा रेडिएटर लावलास तर विमान कशाला, भिंतच उडव की!

गंमत म्हणजे हे भांडण नवीन नाही. १९३० च्या दशकात ते जोरात चालू होतं. तेव्हा लोकांनी त्यावर चांगला तोडगाही काढला. मग जेट इंजिन आलं आणि प्रवासी विमानांच्या जगात त्या तोडग्याची गरजच उरली नाही. आता स्वच्छ विमान करायला निघालो, तर तीच जुनी अडचण दारात उभी आहे. म्हणून हा विषय इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये.

वाऱ्यात धरलेला रेडिएटर

इंधन जाळलं की त्यातल्या सगळ्या ऊर्जेचं काम होत नाही. पेट्रोलच्या जुन्या विमान इंजिनाचा ढोबळ हिशेब असा: साधारण एक तृतीयांश ऊर्जा पंखा फिरवते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत उतरते. हा तिसरा वाटा बाहेर काढला नाही, तर इंजिन जाम होणार.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातही ही सोय होती. त्यांचं इंजिन पाण्यानं थंड व्हायचं आणि एका उभ्या दांड्यावर लांबट रेडिएटर बसवलेला होता. त्या दिवसाचं सगळ्यात लांब उड्डाण ५९ सेकंदांचं, तरी रेडिएटर लागलाच.

पुढे फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी नोम नावाचं इंजिन काढलं. त्यांनी वेगळीच शक्कल लढवली. पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरागरा फिरवायचं, म्हणजे सिलिंडरला आपोआप वारा लागेल. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांत अशी फिरती इंजिनं होती. पण इंजिन मोठं होत गेलं, तसं एवढं जड धूड फिरवणं परवडेना.

मग पुन्हा पाणी आणि रेडिएटर. आता खरी पंचाईत सुरू झाली. रेडिएटरला वारा लागायला हवा, म्हणजे तो वाऱ्यात धरायला हवा. वाऱ्यात काहीही धरलं की अडथळा होतो, आणि वेग दुप्पट झाला की हा अडथळा चौपट होतो. थोडक्यात, विमान जितकं वेगवान, तितका रेडिएटर त्याला जास्त मागे खेचणार.

अख्खं विमानच रेडिएटर

यावर सगळ्यात टोकाचा उपाय ब्रिटनमध्ये झाला. श्नायडर ट्रॉफी नावाची पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची शर्यत असायची. त्यासाठी आर. जे. मिचेल या अभियंत्यानं सुपरमरीन एस. ६ बी हे विमान केलं. आत रोल्स-रॉइसचं सुमारे २,३०० अश्वशक्तीचं इंजिन. आता एवढी उष्णता टाकायची कुठे?

मिचेलनं वेगळा रेडिएटर लावलाच नाही. पंखांना दुहेरी पत्रा लावला आणि दोन पत्र्यांच्या मधून गरम पाणी फिरवलं. खालच्या तरंगत्या होड्यांच्या पत्र्यातूनही पाणी फिरवलं. इंजिनाचं तेल विमानाच्या दोन्ही अंगांवरून मागपर्यंत नेऊन थंड केलं. तुम्ही गरम चहा बशीत ओतता ना, तसंच. पृष्ठभाग वाढवला की उष्णता लवकर जाते. इथे बशी म्हणजे विमानाची कातडी होती, आणि ती तशीही वाऱ्यात होतीच, त्यामुळे वेगळा अडथळा जवळजवळ नाही.

१९३१ मध्ये ब्रिटननं ती ट्रॉफी कायमची जिंकली आणि त्याच सप्टेंबरात या विमानानं ताशी ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. पण शर्यतीचं विमान थोडाच वेळ उडतं. रोजच्या वापरात पंखभर पाणी फिरवणं म्हणजे पंखभर गळतीच्या जागा. लढाऊ विमान असेल, तर गोळी कुठेही लागो, थंड करायची यंत्रणाच फुटणार.

तरी मिचेलच्या गटानं पुढचा प्रयत्न केला. १९३४ च्या सुपरमरीन टाइप २२४ या लढाऊ विमानात पाणी दाबाखाली तापवायचं, मग दाब सोडून त्याची वाफ करायची आणि ती वाफ पंखाच्या पुढच्या कडेत थंड करून तिचं पाणी परत आणायचं, अशी योजना होती. प्रेशर कुकर डोळ्यासमोर आणा, म्हणजे कळेल. कागदावर हे सुंदर होतं, कारण वाफ होताना पाणी भरपूर उष्णता घेऊन जातं. प्रत्यक्षात परत येणारं पाणी उकळीच्या काठावरच असायचं. पंपानं ते ओढलं की दाब कमी होऊन त्याची पुन्हा वाफ, आणि पंप अडकला. विमान वर चढायला लागलं की इंजिन तापायचं. लढाऊ विमानाला चढताच येत नसेल, तर काय उपयोग?

मिचेलचं पुढचं विमान होतं स्पिटफायर. त्यात यातलं काहीच नव्हतं. पंखाखाली एक साधी पेटी आणि तिच्यात रेडिएटर. पण त्या पेटीत एक नवी कल्पना होती.

मेरेडिथची पेटी

फार्नबरोला ब्रिटनची रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट ही संशोधन संस्था होती. तिथल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये एक हिशेब मांडला. ते म्हणाले, रेडिएटर उघड्या वाऱ्यात धरूच नका, नळीत ठेवा. तोंड लहान, मध्ये पसरट, शेवटी पुन्हा निमुळतं. हवा आत आली की नळी पसरट झाल्यानं तिचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. ही संथ हवा रेडिएटरमधून जाते, त्यामुळे अडथळा कमी. तिथे ती तापते, फुगते, आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोरात बाहेर पडते. म्हणजे फेकून द्यायची जी उष्णता, तीच विमानाला थोडंसं पुढे ढकलते.

आज याला मेरेडिथ परिणाम म्हणतात. १९४० मध्ये पहिल्यांदा उडालेलं अमेरिकेचं मस्टँग विमान हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. त्याच्या पोटाखाली जो फुगवटा दिसतो, तो म्हणजे हीच नळी. रेडिएटरमुळे होणारा बराचसा अडथळा ती भरून काढायची. नेमका किती, यावर अभियंते अजूनही हमरीतुमरीवर येतात.

त्याच काळात दुसरा बदल झाला, तो माझ्या आजच्या कामासाठी जास्त महत्त्वाचा. साध्या पाण्याऐवजी ग्लायकॉल आलं. पाणी १०० अंशांना उकळतं, आणि उंचावर हवेचा दाब कमी असल्यानं त्याच्याही आधी. ग्लायकॉल जवळजवळ २०० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे इंजिनाचं पाणी, म्हणजे कूलंट, जास्त गरम ठेवता आलं. तुम्हाला वाटेल, थंड करायचंय तर गरम कशाला ठेवायचं? कारण उष्णता जाते ती तापमानातल्या फरकामुळे. कूलंट आणि बाहेरची हवा यांत फरक जितका जास्त, तितका रेडिएटर लहान चालतो.

हे एक वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

जेट आलं आणि प्रश्न मिटला

२७ ऑगस्ट १९३९ ला जर्मनीत हाइंकेल हे १७८ हे पहिलं जेट विमान उडालं. १९४१ च्या मे महिन्यात फ्रँक व्हिटल यांचं इंजिन लावलेलं ब्रिटिश जेट उडालं. वेगाच्या दृष्टीनं ही क्रांती होतीच, पण उष्णतेच्या दृष्टीनंही होती. जेट इंजिनातून प्रचंड हवा वाहते आणि वाया जाणारी जवळजवळ सगळी उष्णता त्याच हवेबरोबर मागून बाहेर पडते. वेगळा मोठा रेडिएटर लागत नाही. इंजिन स्वतःच स्वतःचा कचरा बाहेर टाकतं म्हणा ना.

थर्मल इंजिनिअर बेकार झाले नाहीत, त्यांचं काम बदललं. टर्बाइनच्या पात्यांना वितळू न देणं हे मोठं शास्त्र झालं, कारण तिथला वायू पात्याच्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही गरम असतो. तेल थंड करायला लहान यंत्रणा राहिल्या. पण विमानाचा आकार रेडिएटरनं ठरवायचे दिवस गेले. आपल्या आजीआजोबांपासून आपल्यापर्यंत बहुतेकांनी जो विमानप्रवास केला, तो या सोयीवर.

हायड्रोजनच्या दोन वाटा

आता हायड्रोजन. ही कल्पना कालपरवाची नाही. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नाका या संस्थेनं, म्हणजे नासाच्या आधीच्या संस्थेनं, बी-५७ विमानाचं एक इंजिन उड्डाणात हायड्रोजनवर चालवलं. १९८८ मध्ये सोव्हिएत संघात तुपोलेव टीयू-१५५ उडालं, त्याचंही एक इंजिन हायड्रोजनवर होतं. या दोन्हींत हायड्रोजन जेट इंजिनातच जाळला. म्हणजे उष्णता नेहमीसारखी मागून बाहेर.

दुसरी वाट फ्युएल सेलची. हायड्रोजन जाळायचा नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवून थेट वीज करायची आणि त्या विजेवर मोटर आणि पंखा फिरवायचा. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास ही कल्पना दाखवली होती. अपोलो यानांमध्ये वीज फ्युएल सेलमधूनच यायची आणि तयार झालेलं पाणी अंतराळवीर प्यायचे. उष्णता टाकायला यानाच्या बाहेरच्या अंगावर रेडिएटर होते. तिथे निदान हवेचा अडथळा तरी नव्हता!

विमानात याची सुरुवात लहान झाली. २००८ मध्ये बोइंगनं स्पेनमधल्या ओकान्याला दोन आसनी विमान फ्युएल सेलवर उडवलं. वर चढताना बॅटरीची मदत घेतली, वर गेल्यावर सुमारे २० मिनिटं फक्त फ्युएल सेल. १९ जानेवारी २०२३ ला झीरोएव्हिया कंपनीनं इंग्लंडमध्ये डॉर्निए २२८ विमान १० मिनिटं उडवलं, डावीकडे हायड्रोजनची विद्युत यंत्रणा आणि उजवीकडे नेहमीचं इंजिन. हे डॉर्निए आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते, बरं का. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत युनिव्हर्सल हायड्रोजननं त्याहून मोठं डॅश ८ उडवलं.

मग अडलं कुठे?

निम्मी वीज, निम्मी उष्णता

फ्युएल सेल हायड्रोजनमधल्या साधारण निम्म्या ऊर्जेची वीज करतो. हे खरं तर खूप चांगलं आहे. उरलेल्या निम्म्याची उष्णता होते. आणि ही उष्णता मागून फेकली जात नाही. बाहेर पडणारी ओलसर हवा त्यातली थोडीच नेते, बाकी सगळी कूलंटमधून काढावी लागते. पेट्रोल इंजिनात एक तृतीयांश उष्णता धूर तरी घेऊन जायचा, इथे तीही सवलत नाही.

त्यावर कडी म्हणजे तापमान. आज जास्त वापरात असलेल्या फ्युएल सेलमधला पातळ पडदा ओला राहावा लागतो, म्हणून तो साधारण ८० अंशांच्या आसपास चालवतात. मघाचं वाक्य आठवा. फरक कमी म्हणजे रेडिएटर मोठा.

आता एक उदाहरण घेऊ. एअरबसनं मार्च २०२५ मध्ये फ्युएल सेलवरच्या विमानाची जी कल्पना मांडली, तिच्यात प्रत्येकी २ मेगावॉटच्या चार मोटर आहेत. म्हणजे ८ मेगावॉट वीज. निम्मं-निम्मं धरलं, तर पूर्ण जोरावर जवळजवळ ८ मेगावॉट उष्णता. घरातला दीड टनाचा एसी खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे हे झाले सुमारे १,५०० एसी, एका विमानावर. मिचेलच्या शर्यतीच्या विमानात २,३०० अश्वशक्ती म्हणजे पावणेदोन मेगावॉटच्या आत होती आणि तेवढ्यासाठी त्याला अख्खी कातडी वापरावी लागली होती.

मी हे आकडे मांडते, तेव्हा माझ्यासमोर नागपूरची धावपट्टी असते. मे महिना, दुपार, सावलीत ४५ अंश. कूलंट ८० अंशांवर. फरक फक्त ३५ अंशांचा. युरोपातल्या १५ अंशांच्या दिवशी हाच फरक ६५ असतो. म्हणजे तेवढीच उष्णता टाकायला नागपूरला जवळपास दुप्पट रेडिएटर हवा. बरं, उड्डाणाच्या वेळी सगळं एकदम येतं: जोर पूर्ण, वेग कमी, हवा गरम. वारा पुरेसा नाही म्हणून पंखे लावा, तर पंख्यांना वीज लागते, आणि ती वीज करताना आणखी उष्णता. वर गेल्यावर बाहेर कडाक्याची थंडी असते, पण हवा इतकी विरळ की ती उष्णता नेणार किती!

म्हणून एखादं विमान थंड देशात, थंड सकाळी दहा मिनिटं उडालं की मला आनंद होतो, पण माझा पहिला प्रश्न असतो, बाहेर तापमान किती होतं? स्वच्छ विमान फक्त थंड देशांतच चालणार असेल, तर आपल्या काय कामाचं?

इतिहासानं दिलेली हत्यारं

लोक मला विचारतात, हायड्रोजन द्रवरूपात उणे २५३ अंशांवर असतो ना, मग त्यानंच थंड करा की! मोह होतोच. पण हिशेब केला की कळतं, एक किलो द्रव हायड्रोजन तापवत फ्युएल सेलच्या तापमानापर्यंत आणला, तरी तो त्याच किलोतून तयार होणाऱ्या उष्णतेच्या दहाव्या भागापेक्षाही कमी उष्णता शोषतो. बाकीची हवेतच टाकायची.

मग आम्ही पुन्हा १९३५ कडे जातो. पहिली गोष्ट, मेरेडिथची नळी. ती आजच्या आराखड्यांत खरोखर आहे. कूलंट कमी गरम असल्यानं मागून मिळणारा धक्का मस्टँगपेक्षा कमी, पण अडथळा तरी आटोक्यात राहतो. दुसरी गोष्ट, ग्लायकॉलचा धडा. १६० ते २०० अंशांवर चालणाऱ्या पडद्यांवर जगात काही ठिकाणी काम चालू आहे. तो पडदा टिकाऊ आणि हलका झाला, तर नागपूरचा ३५ अंशांचा फरक शंभराच्या वर जाईल आणि रेडिएटर एकदम लहान होईल. तिसरी गोष्ट, टाइप २२४ ची वाफ. द्रवाची वाफ करून उष्णता नेण्याची कल्पना आजही पुन्हा पुन्हा पुढे येते. तेव्हा मी बैठकीत आधी विचारते, पंपाच्या तोंडाशी काय होतं?

तोवर काय?

तोवर जगानं सोपा रस्ता धरलाय. वनस्पती, शेतीचा कचरा किंवा वापरलेल्या तेलापासून केलेलं विमानाचं इंधन, ज्याला एसएएफ म्हणतात. १९ मे २०२३ ला देशी एसएएफ मिसळलेल्या इंधनावर पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेलं, आणि ते एसएएफ पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं पुरवलं होतं. यात इंजिन तेच, उष्णता तशीच मागून बाहेर. म्हणूनच हा रस्ता आधी चालू झाला. अडचण आहे पुरवठ्याची. २०२४ मध्ये जगात जेवढं विमान इंधन तयार झालं, त्यात एसएएफचा वाटा सुमारे ०.३ टक्के होता.

हायड्रोजनच्या बाजूलाही सगळं गोड नाही. युनिव्हर्सल हायड्रोजन २०२४ मध्ये बंद पडली. एअरबसनं २०३५ चं उद्दिष्ट २०२५ मध्ये लांबणीवर टाकलं. कारणं बरीच आहेत, हायड्रोजन आणायचा कुठून आणि पैसा कोण घालणार, हीसुद्धा. पण उष्णतेचं कारण त्यात आहे, आणि ते बातमीत येत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण अडीच टक्के विमानांतून येतो. गाड्या आणि वीज स्वच्छ होत जातील तसा हा वाटा डोळ्यांत भरायला लागेल.

ऐकणाऱ्यांमध्ये मेकॅनिकलवाले बरेच असणार. हीट ट्रान्सफरमध्ये केटी लागलेलेही असतील, लाजू नका. तो विषय कॉलेजात बॉयलर आणि नळ्यांपुरता वाटतो, पण पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठलं विमान उडणार आणि कुठलं नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरणार आहे. आणि नागपूर, अकोला, जळगावच्या उन्हात वाढलेल्या पोरापोरींना तापमानाचा फरक म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढच्या वेळी मस्टँगचा फोटो दिसला, तर पोटाखालचा फुगवटा नक्की बघा. आणि तुमच्या गावात मे महिन्यात पारा किती चढतो, ते मला कळवा. त्या आकड्यावर रेडिएटर किती मोठा लागेल, याचा हिशेब आपण पुढच्या भागात एकत्र करू. तोवर पाणी पीत राहा, उन्हात फिरू नका. भेटूच!